अकराव्या मिनिटाची बिस्किटं

डॉक्टरीणबाईंच्या हातून आजवर एकही गोष्ट कच्ची बाहेर पडली नव्हती, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. पेशंटच्या दृष्टीने ही फार चांगली गोष्ट होती. बिस्किटांच्या दृष्टीने मात्र नव्हती.

बाई दातांच्या डॉक्टर. दवाखाना तळमजल्यावर, घर वर, आणि मध्ये एकवीस पायऱ्या. दातांच्या धंद्यात सगळा खेळ घट्ट होण्याचा. मापाचा लगदा घट्ट झाल्याशिवाय तोंडातून काढायचा नाही, प्लॅस्टर घट्ट झाल्याशिवाय साच्यातून सोडवायचं नाही, सिमेंट घट्ट झाल्याशिवाय पेशंटला तोंड मिटू द्यायचं नाही. पेशंट डोळ्यांनी कितीही गयावया करो, बाई भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत शांत उभ्या असायच्या. दयामाया दाखवली की माप बिघडतं, हे त्यांनी शिकताना वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं होतं.

घरात माणसं तीन. बाई, त्यांचा नवरा आणि बाईंचे वडील. नवरा गाडी चालवायला शिकवायचा, म्हणून सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची आणि घरातही तेच नाव रुळलं होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. वीस वर्षं त्या ब्रेकवर पाय ठेवून मास्तरांना अशी सवय लागली होती, की कुठेही काही बिनसतंय असं वाटलं की उजवा पाय आपोआप जमिनीत दाबला जायचा. दूध उतू जायला लागलं, पाय दाबला. बायकोचा आवाज चढला, पाय दाबला. दूध काही त्यामुळे थांबत नव्हतं आणि बायकोही नाही, पण मास्तरांना आपण काहीतरी केल्याचं समाधान मिळायचं.

राहता राहिले बाबा. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात बाबांचा जन्म गेला. माणूस मोठा बोलका. शिडीवर चढून रंगवतानाही खाली चार माणसं गप्पा ऐकत उभी असायची. जेवायला बसले की तासभर उठायचे नाहीत, आणि दुसऱ्यालाही उठू द्यायचे नाहीत. अशा माणसाने दोन वर्षांपूर्वी, बाईंची आई गेली त्यानंतर दोनेक महिन्यांत, एके दिवशी आपलं ताट उचललं, स्वतःच्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून ते एकटेच जेवत होते. जेवत होते म्हणजे तरी काय, सकाळ-संध्याकाळ ओट्सची पातळ लापशी. दिवाणखान्यात बसतील, बोलतील, हसतील, पण खायची वेळ झाली की वाडगा घेऊन आत. का म्हणून विचारलं तर कधी टेबलावरच्या दिव्याचा डोळ्यांना त्रास व्हायचा, कधी वाचता वाचता खायची सवय लागलेली असायची, कधी खुर्ची कमरेला टोचायची. मास्तरांनी खुर्ची बदलली, दिवा बदलला. बाबांनी नुसती कारणं बदलली. खरं काय ते, ताकास तूर लागू देत नव्हते.

दातांचा तर प्रश्नच नव्हता. बाबांची वरची कवळी खुद्द बाईंनी केलेली. दवाखाना काढल्यावरचं ते पहिलं मोठं काम. ती लावून हसणाऱ्या बाबांचा फोटो दवाखान्यात बाकासमोरच्या भिंतीवर टांगलेला होता, आणि पेशंट त्याच्याकडे बोट दाखवून असेच दात करून द्या म्हणायचे. बाबाही घरीदारी कवळी लावूनच वावरायचे. रस्त्यात कुणी दातांची चौकशी केली तर, "मुलीने केलेत, एक नंबर," असं सांगून चार पेशंट पाठवायचे.

तेव्हा बाईंनी मनाशी निदान केलं ते वेगळंच. आईचं दुखणं आणि दवाखान्याची उभारणी एकाच वेळी आली होती. शेवटच्या दोन महिन्यांत आईजवळ बाबा बसले होते आणि आपण सुतार, नळवाले आणि खुर्च्यांचे व्यापारी यांच्या मागे होतो. त्याचा राग बाबांच्या मनात आहे. ते बोलत नाहीत, पण आपल्याबरोबर घास खायची त्यांची इच्छा मेली आहे. बाई दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात डोकावत असल्या तरी स्वतःच्या बापाच्या मनात डोकावायचं कसं, ते त्यांना कळत नव्हतं. त्या बंद दाराकडे बघून रोज जेवताना त्यांना वाईट वाटायचं, आणि रोज त्या मास्तरांवर कशावरून तरी खेकसायच्या.

एका सकाळी लापशीचा वाडगा हातात घेऊन बाबा दारात घुटमळले. "ओट्स म्हटलं की तुझ्या आईची बिस्किटं आठवतात," ते म्हणाले. "कुरकुरीत नाही हं. चिवट. दाताखाली अशी ओढ लागायची की एक संपेपर्यंत माणूस टेबलावरून हलायचा नाही." एवढं बोलून त्यांनी दार लावून घेतलं.

झालं. बाईंना औषध सापडलं. ती बिस्किटं झाली की बाबा टेबलावर येणार, आणि एकदा आले की परत आत जाऊ द्यायचे नाहीत.

कृती विचारायला त्यांनी आत्याला फोन लावला. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. वय अठ्ठ्याहत्तर, बत्तीसच्या बत्तीस दात जागच्या जागी. त्या जोरावर तिला भाचीचा सगळा धंदाच अनावश्यक वाटायचा.

"लिही," आत्या म्हणाली. "लोणी पातळ करून घे. पांढरी साखर नको, ब्राउन शुगर घे, ओलसर असते ती. अंडं एक, आणि वर नुसता एक बलक. ओट्स जाडे घे, ते पावडरीसारखे नकोत. मैदा, सोडा, दालचिनी, मनुका. मळून तासभर फ्रीजमध्ये ठेव. आणि कच्ची असतानाच बाहेर काढ."

बाईंचं पेन थांबलं. "कच्ची?"

"कडा धरल्या की काढायची. मध्ये ओली दिसतात तेव्हाच. वहिनी अकराव्या मिनिटाला काढायची."

"आत्या, ओली कशी काढायची? मोडतील की."

"हात कशाला लावतेस मग? तशीच ट्रेवर पडू दे दहा मिनिटं. आपली आपण होतात."

बाईंनी सगळं लिहून घेतलं, शेवटचं सोडून. आत्याचे दात शाबूत असले तरी आता स्मरणशक्ती हलायला लागली आहे, असं त्यांनी मास्तरांना हळहळत सांगितलं.

पहिल्या रविवारी बिस्किटं ओव्हनमध्ये गेली. अकराव्या मिनिटाला बाईंनी काचेतून पाहिलं. मध्ये नुसता लगदा. पंधराव्या मिनिटाला बोट टेकवून पाहिलं, खड्डा पडला. विसाव्या मिनिटाला बोटाखाली काही हललं नाही, तेव्हा बाईंनी समाधानाने ट्रे बाहेर काढला. बिस्किटं थंड झाली आणि त्यांचा जो काय दगड झाला त्याला तोड नव्हती. पहिलं बिस्किट मास्तरांना मिळालं. चावता चावता धोका लक्षात येऊन त्यांनी ब्रेक दाबला, पण उशीर झाला होता. दाढेतलं जुनं सिमेंट निघून बशीत पडलं. बाई त्यांना तशाच एकवीस पायऱ्या उतरवून खाली घेऊन गेल्या आणि दाढ नव्याने भरून दिली. तोंड उघडं असल्यामुळे मास्तरांना बिस्किटांविषयी मत देता आलं नाही. तेवढंच त्यांचं नशीब.

दुसऱ्या रविवारी बाईंनी बरीच माघार घेतली, म्हणजे वीसची सतरा मिनिटं केली. दिसायला बिस्किटं देखणी झाली. बाईंनी एक खिशात टाकून खाली नेलं आणि प्लॅस्टर तासायच्या चाकावर धरून पाहिलं. त्याची कड आरशासारखी गुळगुळीत तासली गेली. उरलेली त्यांनी शेजारीपाजारी वाटली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी पसरली की डॉक्टरीणबाईंचे पेशंट कमी झालेत, म्हणून त्यांनी आता घरोघरी बिस्किटं पोचवायला सुरुवात केली आहे. सोमवारी खरोखरच दोन जण दात घेऊन आले. बाईंनी त्यांची क्षमा मागितली आणि कामाला लागल्या.

"तू का अडतेस तेच मला कळत नाही," मास्तर दाढ सांभाळत म्हणाले. "आत्या सांगते अकरा, तर अकराला काढ."

"अर्धवट वस्तू मी हातावेगळी करत नाही."

"बिस्किट आहे ते. कवळी नाही."

"माझ्यासाठी सारखंच," बाई म्हणाल्या. आणि मग आवाज उतरवून, "एकच संधी आहे रे. बिघडलेलं पुढे केलं तर बाबा पुन्हा बाहेर यायचे नाहीत."

मास्तरांनी गुपचूप आत्याला फोन केला.

तिसऱ्या रविवारी दुपारी आत्या स्वतः हजर झाली. पिशवीतून स्वतःचा लाकडी डाव काढला, लोणी स्वतः पातळ केलं, ब्राउन शुगर चिमटीत दाबून पाहिली, आणि भाचीला फक्त गोळे करायला बसवलं. ट्रे आत गेल्यावर बाई ओव्हनच्या दारासमोर खुर्ची टाकून बसल्या. आत्या त्यांच्या मागे उभी राहिली. मास्तर आत्याच्या मागे. तिघंही त्या काचेतून आत बघत होते. आत बिस्किटं पसरत होती.

"झाली," अकराव्या मिनिटाला आत्या म्हणाली.

"ओली आहेत."

"ओलीच हवीत. ऊठ."

"पाच मिनिटं फक्त. घट्ट होऊ दे जरा."

"पाच मिनिटांत तुझा बाप परत दार लावून घेईल. ऊठ म्हणते ना."

बाई हलल्या नाहीत. त्यांच्या कपाळावर घाम होता. समजत सगळं होतं, पण हात उचलवत नव्हता. इतक्या वर्षांचं वळण असं एका रविवारी मोडत नाही. तेवढ्यात मास्तरांचा पाय जमिनीत दाबला गेला. या खेपेला मात्र पायाने काही होणार नाही हे त्यांना उमगलं असावं. ते पुढे आले, बायकोच्या खांद्यावरून हात घालून त्यांनी ओव्हन बंद केला, दार उघडलं आणि ट्रे बाहेर ओढला. लग्नानंतरच्या अठरा वर्षांत त्यांनी गाडीबाहेर घेतलेला हा पहिला ठाम निर्णय होता.

बाई दातओठ खात ट्रेकडे बघत राहिल्या. बिस्किटं मध्ये फुगून थरथरत होती. मग ती खाली बसली. मग त्यांच्यावर बारीक सुरकुत्या पडल्या. दहा मिनिटांनी आत्याने डाव्या हाताने एक उचललं तर ते मोडलं नाही, नुसतं वाकलं. तिने ते दोन्ही हातांनी ओढलं. ते ताणलं गेलं आणि मग सावकाश सुटलं.

"हं," आत्या म्हणाली. मग खोलीच्या दाराकडे तोंड करून तिने हाक मारली, "दादा, वहिनीची झालीत. बाहेर ये."

दार उघडलं. वासाने बाबा आधीच दारापाशी येऊन उभे असणार. ते टेबलापर्यंत आले, बशीकडे पाहिलं, आणि एक बिस्किट उचलून म्हणाले, "मी आत नेतो."

"नाही," बाई म्हणाल्या. त्यांना ते रागाने म्हणायचं होतं, पण आवाज भलताच निघाला. "इथेच खा ना, बाबा. एकच."

बाबांनी लेकीकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून बसले. बिस्किटाचा तुकडा मोडायला गेले, तो मोडेना. शेवटी त्यांनी कडेचा अगदी लहानसा घास घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ चघळत राहिले. "हीच," ते म्हणाले. "अगदी हीच ओढ." बाईंनी बशी त्यांच्या आणखी जवळ सरकवली. आणि बाबा त्या आनंदात भान विसरले. दुसरा घास त्यांनी पूर्वीसारखा घेतला, मोठा, पुढच्या दातांनी, आणि हात खाली ओढला.

हाताबरोबर बिस्किट खाली आलं आणि बिस्किटाबरोबर कवळी. गुलाबी, चकचकीत, आणि बिस्किटात चांगली रुतून बसलेली.

टेबलाखाली मास्तरांचा पाय दणकन आपटला. आत्याचे बत्तीसही दात दिसत होते, पण तिला हसू येत नव्हतं. बाबांनी तोंडावर हात धरला आणि खोलीकडे जायला अर्धवट उठले.

"बसा," बाई म्हणाल्या. हा त्यांचा दवाखान्यातला आवाज होता. बाबा बसले.

बाईंनी बिस्किटातून कवळी सोडवली, धुतली, पुसली आणि उजेडात धरली. मग टेबलावर ठेवून एका बाजूला बोट दाबलं. दुसरी बाजू उचलली गेली. बोट इकडे दाबलं, ती तिकडे उचलली गेली. त्यांनी बाबांना तोंड उघडायला लावलं, कवळी बसवली आणि मागच्या कडेला बोट लावून पाहिलं. मागची कड टाळूला टेकतच नव्हती. एखाद्या शिकाऊ मुलीने असं काम दाखवलं असतं तर बाईंनी तिला दाराबाहेर उभं केलं असतं.

"कधीपासून अशी आहे?"

"पहिल्या दिवसापासून," बाबा हाताआडून म्हणाले.

"दोन वर्षं? मग बाहेर फिरताना कशी राहते?"

"जिभेने धरून ठेवतो. बोलायला, हसायला चालतं. खाताना जिभेला दोन कामं जमत नाहीत." जणू चूक त्यांच्या जिभेची होती.

"आणि मला सांगितलं नाहीत."

बाबांनी मास्तरांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं, कुणी मदतीला येईना. "काय सांगणार? तुझी पाटी मीच रंगवली होती. तिचा रंग अजून वाळायचा होता. त्यात तू माझा फोटो भिंतीवर लावलास, लोक तो बघून यायला लागले. अशा वेळी मीच म्हणू की बसत नाहीत? म्हणजे बापालाच धड दात करता आले नाहीत, असं लोकांनी म्हणायचं. म्हटलं, लापशीने काही माणूस मरत नाही."

"रंग वाळून दोन वर्षं झाली, दादा," आत्या म्हणाली.

"हो. पण मग एवढे दिवस का लपवलं, ते सांगायची पंचाईत."

मास्तरांनी काहीतरी करायचं म्हणून पाण्याचा ग्लास इकडचा तिकडे ठेवला. बाई उठल्या. "चला खाली," त्या बाबांना म्हणाल्या.

दवाखाना रविवारचा बंद होता. बाईंनी दिवा लावला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि लगदा कालवायला घेतला. कालवता कालवता त्यांना तो दिवस आठवला. माप घेताना दुसऱ्याच मिनिटाला बाबांना उमासे आले होते, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं होतं. महिन्याभरापूर्वी आई गेलेली, आणि समोर बाबा रडल्यासारखे दिसत होते. बाईंच्या आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी त्यांनी माप घट्ट व्हायच्या आधी काढलं होतं. दुसरा कुणी असता तर पुन्हा घेतलं असतं. बाबांना आणखी त्रास नको म्हणून त्यांनी तेच चालवून घेतलं, आणि पुढे आपण ते चालवून घेतल्याचंही विसरून गेल्या.

"चार मिनिटं," त्या म्हणाल्या. "या वेळी हात वर केलात तरी काढणार नाही."

लगद्याने भरलेला साचा तोंडात गेला. बाईंनी तो दोन्ही हातांच्या बोटांनी वर दाबून धरला. बाबांचं बोलणं बंद झालं, आणि कदाचित म्हणूनच बाईंना बोलता आलं.

"मला वाटायचं तुम्ही माझ्यावर रागावलात," त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या. "आई आजारी असताना मी इथे खुर्च्या निवडत होते, म्हणून. रोज वाटायचं विचारावं. रोज वाटायचं, तुम्ही हो म्हणालात तर काय करू?"

बाबांनी घशातून काहीतरी आवाज काढला.

"बोलू नका, हलेल. दोन मिनिटं झालीत." बाईंच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे पुसता येत नव्हतं. "मला दात नकोच होते तुमचे. म्हणजे हवे होते, पण तुम्ही समोर बसून नुसती लापशी प्यायला असतात तरी मला चाललं असतं. बिनदातांचे. एवढंच."

बाबांनी हात वर केला. बाईंना वाटलं उमासा आला, त्यांनी बोटं आणखी घट्ट दाबली. पण बाबांचा हात साच्याकडे गेला नाही. लेकीच्या मनगटावर येऊन तो तिथेच राहिला, चौथं मिनिट संपेपर्यंत. हनुवटीवरून लाळ गळत होती, तिची दोघांनीही दखल घेतली नाही.

साचा निघाला. बाईंनी तो उजेडात धरून पाहिला. माप स्वच्छ आलं होतं, मागच्या कडेपर्यंत. बाबांनी खळखळून चूळ भरली आणि हनुवटी पुसली.

"झालं बोलून?"

"झालं."

"रागावलो असतो," बाबा म्हणाले, "तर दुसऱ्या डॉक्टरकडून दात करून घेतले नसते का?"

बाईंना हसू आलं आणि नाकही वाहायला लागलं. त्यांनी पेशंटच्या गळ्यात बांधायच्या कागदाने ते पुसलं.

"नवे दात कधी मिळतील?" बाबांनी विचारलं.

"तीन आठवडे तरी जातील."

"आणि ती बिस्किटं किती दिवस मऊ राहतात?"

"आत्या म्हणते, डब्यात घट्ट झाकून ठेवली तर चार दिवस."

बाबा खुर्चीतून खाली उतरले आणि जिन्याकडे निघाले. "मग दातांसाठी थांबून कसं चालेल?" ते म्हणाले. "उद्या सकाळी टेबलावर माझीही बशी मांड."